जुन्या घराची विक्री व नव्या घराची खरेदी : मधल्या काळाचा विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण ज्या काळी रूढ झाली त्या काळी बहुतेक माणसे एकाच घरात जन्मत व त्याच घरात मरत. आज घर बांधण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, कठीण काम घर बदलण्याचे झाले आहे. राहते घर विकून दुसरे घेणे हा व्यवहार बोलण्यात एकच वाटतो. परंतु कायद्याच्या दृष्टीने ते दोन स्वतंत्र करार असतात. पहिल्यात कुटुंब विक्रेता असते, दुसऱ्यात खरेदीदार. दोन्ही करारांतील दुसरा पक्ष निरनिराळा असतो आणि त्या दोघांना एकमेकांची अडचण ठाऊक असण्याचे काही कारण नसते.

इंग्रज अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स याने १८७५ साली पैशाच्या उपयुक्ततेचे विवेचन करताना वस्तुविनिमयातील मुख्य अडचण दाखवून दिली. एकाजवळ जे आहे ते दुसऱ्यास हवे आणि दुसऱ्याजवळ जे आहे ते पहिल्यास हवे, असा दुहेरी योगायोग जुळल्याखेरीज विनिमय होत नाही. पैसा मध्ये आला की ही अडचण संपते. धान्य आज विकावे व कापड सवडीने घ्यावे. घराच्या बाबतीत मात्र ही सवड मिळत नाही. धान्य विकणारा मधल्या काळात उघड्यावर पडत नाही. घर विकणारा पडतो. शिवाय बहुतेक कुटुंबांची सारी संपत्ती त्या एकाच वस्तूत साठलेली असते, त्यामुळे पहिले विकल्याशिवाय दुसऱ्याची किंमत देता येत नाही. म्हणजे पैशाने जो योगायोग अनावश्यक केला होता तोच येथे दुसऱ्या रूपाने परत येतो. आता जुळवावयाच्या असतात त्या वस्तू नव्हेत, तर तारखा.

हा मधला काळ म्हणजे काय, ह्याचा अनुभव लातूर जिल्ह्याने एकदा फार मोठ्या प्रमाणावर घेतला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपानंतर लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावांचे नव्या जागी पुनर्वसन करण्यात आले. जुने घर गेलेले आणि नवे अद्याप उभे न राहिलेले, अशा अवस्थेत हजारो कुटुंबांनी पत्र्याच्या निवाऱ्यांत दिवस काढले. तेथे खरेदीविक्रीचा प्रश्न नव्हता; मधल्या काळाचा भार शासनाने व देशोदेशींच्या साहाय्यकर्त्यांनी उचलला. सामान्य व्यवहारात हा भार उचलणारे कोणी नसते. तो कोणी, किती दिवस व कोणत्या किमतीवर वाहावयाचा हे कुटुंबाने स्वतःच ठरवावयाचे असते. बहुधा ते ठरविले जात नाही, आणि व्यवहार फिसकटतो तो ह्या एका कारणाने. भावाची घासाघीस आठवडेच्या आठवडे चालते. ताबा कोणत्या दिवशी, हा प्रश्न मात्र इसार पावतीच्या शेवटच्या ओळीत उरकला जातो. प्रस्तुत लेखात ह्याच शेवटच्या ओळीचा विचार करावयाचा आहे.

२. लातूरची पार्श्वभूमी

१९८२ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यातून लातूर जिल्हा वेगळा झाला आणि २०११ मध्ये लातूर नगरपालिकेचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. गंजगोलाईभोवतीची जुनी बाजारपेठ, तिच्या आसपासचे वाडे आणि औसा, अंबाजोगाई, नांदेड व बार्शी ह्या रस्त्यांच्या बाजूने वाढलेल्या नव्या वसाहती असे शहराचे आजचे रूप आहे. घरबदल बहुधा ह्या दोन भागांमध्ये होतो : पेठेतील वाटणी न झालेले जुने घर विकून बाहेरच्या वसाहतीत स्वतंत्र घर अथवा सदनिका घेणे, किंवा तालुक्याच्या गावचे घर विकून शहरात येणे.

घरबदलाच्या तारखा येथे तीन निरनिराळी पंचांगे ठरवितात. पहिले शाळा-महाविद्यालयांचे. ‘लातूर पॅटर्न’ ह्या नावाने प्रसिद्ध झालेल्या अध्यापनपद्धतीमुळे राजर्षी शाहू, दयानंद इत्यादी महाविद्यालयांत अकरावीला प्रवेश घेण्यासाठी बाहेरगावची मुले येतात, आणि पुष्कळदा त्यांच्यामागून घरेही येतात. अशा कुटुंबास जूनपूर्वी ताबा हवा असतो. दुसरे पंचांग शेतीचे. सोयाबीनचा पैसा दसरा-दिवाळीच्या सुमारास हाती येतो, तुरीचा त्यानंतर. ज्या खरेदीदाराची रक्कम शेतमालावर अवलंबून असते तो जूनमध्ये पूर्ण किंमत देऊ शकत नाही. तिसरे पंचांग मुहूर्ताचे. पितृपंधरवड्यात नव्या घरात पाऊल टाकावयास पुष्कळ कुटुंबे तयार नसतात. अक्षय्य तृतीया व दसरा ह्यांकडे सर्वांचे डोळे लागलेले असतात. विक्रेत्याचे पंचांग एक व खरेदीदाराचे दुसरे असले, म्हणजे किंमत जुळूनही तारीख जुळत नाही.

कागदपत्रांमुळे लागणारा विलंब हे तारखा चुकण्याचे आणखी एक कारण. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असल्यामुळे जुन्या मिळकतींचे दस्त उर्दूत आढळतात. त्यांतील वर्ष फसली आणि रक्कम हाली सिक्क्यात असते. असे दस्त वाचून घेऊन त्यांची आजच्या मिळकत पत्रिकेशी संगती लावावी लागते. वडिलोपार्जित घरात सर्व सहहिस्सेदारांच्या सह्या लागतात. हिंदू उत्तराधिकार अधिनियमातील २००५ च्या दुरुस्तीनंतर आणि विशेषतः सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० मधील विनीता शर्मा प्रकरणातील निर्णयानंतर मुलींचा सहदायिक हक्क निःसंदिग्ध झाला आहे. त्यामुळे सासरी गेलेल्या बहिणींची संमती शेवटच्या आठवड्यात आठवणे विक्रेत्यास परवडत नाही. शहराच्या कडेचे पुष्कळ भूखंड गुंठेवारीचे आहेत. महाराष्ट्र गुंठेवारी विकास अधिनियम, २००१ अन्वये ते नियमित झालेले नसतील तर बँका त्यांवर कर्ज देण्यास सहसा राजी नसतात, आणि कर्जावर विसंबलेला खरेदीदार इसार दिल्यानंतर अडून बसतो.

३. इसार, साठेखत व खरेदीखत

व्यवहाराच्या तीन पायऱ्या सर्वपरिचित आहेत. परंतु प्रत्येक पायरीवर कोणास कोणता हक्क मिळतो ह्याविषयी गैरसमज फार. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ प्रमाणे विक्रीचा करार स्वतः मिळकतीत कोणताही हितसंबंध वा बोजा निर्माण करीत नाही. शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची मालकी केवळ नोंदलेल्या खरेदीखतानेच जाते. मुखत्यारपत्र, करारपत्र व मृत्युपत्र ह्यांची मोट बांधून घर ‘विकण्याची’ जी रीत पडली होती ती मालकी देत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प प्रकरणी २०११ साली स्पष्ट केले. ज्याने अशा कागदांवर घर घेतले आहे त्याला ते पुढे विकून दुसरे घेण्याची घाई असली, तरी त्याची साखळी पहिल्याच कडीला तुटते.

तथापि करार म्हणजे नुसता कागद असेही नव्हे. १८८२ च्याच अधिनियमाच्या कलम ५५ ने दोन्ही बाजूंस समतोल संरक्षण दिले आहे. मालकी गेली पण पूर्ण किंमत मिळाली नाही, तर विक्रेत्याचा बाकी रकमेपुरता मिळकतीवर भार राहतो. उलट खरेदीदाराने ताब्यापूर्वी रक्कम दिली असेल, तर तिच्यापुरता विक्रेत्याच्या हिश्श्यावर त्याचा भार राहतो. साठेखत नोंदविले असता पुढील खरेदीदारास त्याची माहिती होती असे कायदा मानतो. म्हणून नोंदणीचा खर्च वाचविण्यासाठी साध्या मुद्रांक कागदावर साठेखत करणे ही काटकसर नव्हे. ताबा मात्र खरेदीखतापूर्वी देताना विचार करावा. ताब्यासह केलेला करार महाराष्ट्रात मुद्रांक शुल्काच्या दृष्टीने अभिहस्तांतरणासारखा मानला जातो, आणि २००१ च्या दुरुस्तीनंतर तो नोंदलेला नसेल तर कलम ५३-अ चे संरक्षण खरेदीदारास मिळत नाही.

आता तारखेचे महत्त्व. स्थावराच्या करारात मुदत हा कराराचा प्राण आहे असे गृहीत धरले जात नाही, हे जुने तत्त्व. चांद राणी प्रकरणी १९९२ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने ते मान्य केले. परंतु कराराच्या शब्दांवरून पक्षांचा तसा हेतू दिसत असेल तर मुदत प्राणभूत ठरते असेही सांगितले. त्या करारात ९८,००० रुपये दहा दिवसांच्या आत देण्याची अट होती. ती न पाळल्यामुळे खरेदीदाराचा दावा फसला. २०११ च्या सारदामणी कंदप्पन प्रकरणात तर, भाव झपाट्याने चढत असताना मुदतीकडे काणाडोळा करण्याच्या जुन्या तत्त्वाचा फेरविचार झाला पाहिजे, असे मत न्यायालयाने व्यक्त केले. घरबदल करणाऱ्याच्या दृष्टीने ह्याचा अर्थ असा की, एका करारात तो मुदतीची ढिलाई मागतो आणि दुसऱ्यात तीच ढिलाई त्याच्या गळ्याशी येते.

इसाराची रक्कम जप्त होते की नाही, ह्याचेही उत्तर कराराच्या शब्दांवर अवलंबून आहे. फतेह चंद प्रकरणात १९६३ साली १,००० रुपयांचा इसार व २४,००० रुपयांचा किमतीपैकी भरणा ह्यांत भेद करण्यात आला. इसार जप्त होऊ शकला, दुसरी रक्कम नाही. २०१२ च्या सतीश बत्रा प्रकरणात ७० लाखांच्या व्यवहारातील ७ लाखांचा इसार जप्त करणे योग्य ठरले. म्हणजे किमतीच्या दहाव्या हिश्श्याइतकी रक्कम तारीख चुकल्याच्या एका चुकीवर जाऊ शकते. ‘माझ्या जुन्या घराचा खरेदीदार वेळेवर आला नाही’ हे कारण खरे असले तरी नव्या घराच्या विक्रेत्यावर ते बंधनकारक नाही. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम १६ प्रमाणे खरेदीदाराने आपण स्वतः सदैव तयार व राजी होतो हे सिद्ध करावयाचे असते. दुसऱ्याच्या खिशातील पैसा ही त्याची तयारी ठरत नाही.

४. क्रमाचे तीन प्रकार

दोन करारांचा क्रम लावण्याच्या तीन रीती संभवतात.

पहिली, आधी विक्री. किंमत हातात येते, कर्ज कमी लागते, सौद्यात घाई राहत नाही. परंतु कुटुंबास भाड्याच्या घरात जावे लागते, सामान दोनदा हलवावे लागते, आणि त्या अवधीत भाव चढले तर विकलेल्या घराच्या रकमेत पूर्वीइतके घर मिळत नाही.

दुसरी, आधी खरेदी. घर मनासारखे निवडता येते, मुलांची शाळा मोडत नाही. परंतु किंमत उभी करण्यासाठी मधल्या काळापुरते कर्ज, ज्यास बँकांच्या व्यवहारात ‘ब्रिज लोन’ म्हणतात, ते काढावे लागते. जुने घर अपेक्षेप्रमाणे न विकले गेल्यास व्याज वाढत जाते आणि शेवटी विक्रेता पडेल त्या भावाने घर देऊन टाकतो. खरेदी बांधकाम चालू असलेल्या इमारतीत असेल तर अनिश्चितता दुप्पट होते. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ प्रमाणे नोंदलेला करार केल्याशिवाय विकासकास दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, आणि ताबा लांबल्यास व्याजासह परतावा मागण्याचा हक्क खरेदीदारास आहे. पण परतावा म्हणजे घर नव्हे. जुन्या घराचा ताबा देण्याची तारीख विकासकाने सांगितलेल्या तारखेवर टांगणे हा ह्या प्रकारातील सर्वांत सामान्य प्रमाद होय.

तिसरी रीत, दोन्ही खरेदीखते एकाच वेळी किंवा लागोपाठच्या दिवसांत करणे. ही सर्वांत स्वस्त; पण चार पक्ष, दोन बँका व एक दुय्यम निबंधक कार्यालय एका दिवसावर आणावे लागते. जुन्या घरावर कर्ज असेल तर मूळ दस्त बँकेत असतात. विक्रेत्यास कर्ज फेडल्याशिवाय दस्त मिळत नाहीत आणि खरेदीदाराची बँक दस्त पाहिल्याशिवाय रक्कम देत नाही. रिझर्व्ह बँकेच्या १३ सप्टेंबर २०२३ च्या निर्देशाप्रमाणे कर्जफेडीनंतर ३० दिवसांच्या आत दस्त परत करणे बँकांवर बंधनकारक आहे, व विलंबास दररोज ५,००० रुपये भरपाई आहे. मात्र हे ३० दिवसही वेळापत्रकात मोजावे लागतात. उत्तम मार्ग हा की, खरेदीदाराच्या बँकेने कर्जबाकीची रक्कम थेट विक्रेत्याच्या बँकेत भरावी आणि दस्त बँकेकडून बँकेकडे जावेत, असे साठेखतातच लिहावे.

ह्या तीन रीतींखेरीज एक जुनी रीत कायद्यात अजून जिवंत आहे, ती म्हणजे अदलाबदल. १८८२ च्या अधिनियमाच्या कलम ११८ मध्ये तिची व्याख्या आहे. दोन कुटुंबांस एकमेकांची घरे हवी असतील, तर फरकाची रक्कम देऊन एकाच दस्ताने काम होते. तेथे मधला काळ मुळी उत्पन्नच होत नाही. भाऊबंदांत असे प्रसंग येतात. बाजारात मात्र तो दुहेरी योगायोग क्वचितच जुळतो.

५. आकड्यांत मांडलेले उदाहरण

केवळ विवेचनापुरते एक कल्पित उदाहरण घेऊ. जुन्या घराची किंमत ४० लाख रुपये, त्यावरील कर्जबाकी ६ लाख. नव्या घराची किंमत ६० लाख. मुद्रांक शुल्क, नोंदणी व इतर खर्च मिळून ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार धरला, तर नव्या घरास ६४ लाख २० हजार लागतात. जुन्यातून कर्ज वजा जाता ३४ लाख येतात. उरलेले ३० लाख २० हजार नव्या कर्जाने व बचतीने भागवावयाचे.

पहिली अडचण इसारापाशीच येते. दोन्हीकडे दहा टक्के इसार ठरला, तर कुटुंबास ४ लाख मिळतात आणि द्यावे लागतात ६ लाख. मोठ्या घराकडे जाणाऱ्यास प्रमाण समान असूनही रक्कम कमीच पडते. ही २ लाखांची तूट स्वतःच्या बचतीतून भरण्याची तजवीज नसेल तर नव्या घराचा इसार देऊच नये.

दुसरी गोष्ट मधल्या काळाची किंमत. आधी खरेदी केली व जुने घर चार महिन्यांनी विकले गेले, तर ३४ लाखांवर द. सा. द. शे. १२ दराने चार महिन्यांचे व्याज १ लाख ३६ हजार होते. आधी विक्री केली, तर दरमहा १२ हजारांप्रमाणे चार महिन्यांचे भाडे ४८ हजार व दोनदा सामान हलविण्याचा खर्च. परंतु त्या अवधीत नव्या घराची किंमत ३ टक्क्यांनी चढली तर आणखी १ लाख ८० हजार. दोन्ही खर्च लहान नाहीत. पण त्यांच्याशेजारी तिसरा आकडा ठेवून पाहावा : तारीख चुकल्यामुळे इसार जप्त झाला, तर हानी ६ लाखांची. तिन्ही आकडे निरनिराळ्या घरांत निरनिराळे येतील. त्यांचा क्रम मात्र सहसा बदलत नाही. मधला काळ विकत घेणे हे मधला काळ नाहीच असे समजण्यापेक्षा स्वस्त पडते.

हा काळ विकत घेण्याचे सर्वांत सोपे साधन लातूरसारख्या ठिकाणी पुरेसे वापरात आणण्याजोगे आहे. मालकी व ताबा ह्यांच्या तारखा वेगळ्या कराव्यात. खरेदीखत पूर्ण होऊन किंमत चुकती व्हावी आणि जुन्या मालकाने दोन-तीन महिने त्याच घरात ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारान्वये राहावे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे हा करार लेखी व नोंदलेला असला पाहिजे. मुदत संपूनही घर न सोडणाऱ्यास काढण्याची जलद रीत कलम २४ मध्ये आहे. त्यामुळे खरेदीदारासही भय बाळगण्याचे कारण उरत नाही, आणि विक्रेत्यास पूर्ण रक्कम हाती ठेवून नवे घर शोधता येते.

६. कराच्या तारखा

प्राप्तिकराचा कायदा ह्या प्रश्नाकडे मुख्यतः तारखांच्याच दृष्टीने पाहतो. राहते घर २४ महिन्यांहून अधिक काळ धारण करून विकल्यास होणारा नफा दीर्घकालीन भांडवली नफा होय. २३ जुलै २०२४ पासून त्यावर निर्देशांकाचा लाभ न देता १२.५ टक्के कर आहे. त्यापूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीस व हिंदू अविभक्त कुटुंबास निर्देशांकासह २० टक्क्यांचा पर्याय ठेवलेला आहे. हा नफा दुसऱ्या राहत्या घरात गुंतविला तर १९६१ च्या अधिनियमाच्या कलम ५४ प्रमाणे सूट मिळते, आणि २०२५ च्या नव्या अधिनियमातही ही सवलत राखलेली आहे. खरेदी विक्रीपूर्वी एक वर्ष किंवा विक्रीनंतर दोन वर्षांच्या आत, अथवा बांधकाम तीन वर्षांच्या आत झाले पाहिजे. गुंतवावयाचा असतो तो नफा, सारी विक्रीकिंमत नव्हे. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत नफा वापरला गेला नसेल तर १९८८ च्या भांडवली नफा खाते योजनेखाली तो बँकेत स्वतंत्र ठेवावा लागतो. साध्या बचत खात्यातील रक्कम चालत नाही.

‘विक्रीपूर्वी एक वर्ष’ ह्यातील विक्री कोणत्या दिवशी झाली असे मानावयाचे? संजीव लाल विरुद्ध आयकर आयुक्त, चंडीगढ ह्या प्रकरणात २०१४ साली सर्वोच्च न्यायालयापुढे नेमका हाच प्रश्न आला. जुन्या घराचा विक्रीकरार २७ डिसेंबर २००२ रोजी झाला व इसार घेण्यात आला. त्यावर विसंबून ३० एप्रिल २००३ रोजी नवे घर घेण्यात आले. परंतु मृत्युपत्रावरून उद्भवलेल्या दाव्यात मनाई हुकूम झाल्यामुळे खरेदीखत २४ सप्टेंबर २००४ पर्यंत लांबले. नवे घर खरेदीखताच्या जवळजवळ सतरा महिने आधी घेतलेले असल्याने कर अधिकाऱ्यांनी सूट नाकारली. न्यायालयाने ती दिली. विक्रीचा करार होताच विक्रेत्याचा ती मिळकत इतर कोणास विकण्याचा हक्क निमाला, आणि प्राप्तिकर कायद्यातील ‘हस्तांतरण’ ह्या शब्दाच्या व्याख्येत हक्क नष्ट होणेही येते. म्हणून सवलतीच्या हेतूने करारदिनांक हाच धरला गेला.

हा निर्णय मालमत्ता कायद्यातील तत्त्वाशी वरवर विसंगत वाटतो. एकीकडे विक्रीचा करार हितसंबंध निर्माण करीत नाही. दुसरीकडे तोच हस्तांतरण ठरतो. विसंगती खरी नाही. पहिल्या ठिकाणी खरेदीदारास काय मिळाले हे पाहिले जाते, दुसऱ्या ठिकाणी विक्रेत्याने काय गमावले हे. मधल्या काळात विक्रेता मालक असतो खरा, पण मोकळा मालक नसतो. घरबदलाच्या प्रश्नाचे मर्म ह्या एका वाक्यात आहे. मात्र ज्याच्याजवळ तारखेचा, रकमेचा व शक्यतो नोंदणीचा पुरावा असलेला करार आहे त्यालाच ह्या निर्णयाचा आधार मिळेल.

करविषयक आणखी तीन बाबी थोडक्यात नोंदविणे अवश्य आहे. मिळकतीच्या व्यवहारात २०,००० रुपये वा अधिक इसार रोखीने घेण्यास १ जून २०१५ पासून मनाई आहे. ५० लाख वा अधिक किमतीच्या घरावर खरेदीदाराने १ टक्का कर कापून शासनाकडे भरावयाचा असतो. वरील उदाहरणात ही रक्कम ६० हजार होते. आणि करार व खरेदीखत ह्यांच्या दरम्यान शासकीय दर वाढले, तर करारदिवशीचे मूल्य धरण्याची मुभा तेव्हाच मिळते जेव्हा करारापूर्वी वा करारदिवशी काही रक्कम बँकेमार्फत दिलेली असते. तिन्ही नियम एकाच दिशेने बोट दाखवितात : तोंडी ठरलेली तारीख व रोखीचा इसार ह्यांना कायद्यात आता थारा नाही.

७. इतर देशांतील रीती व संशोधन

इंग्लंडमध्ये घरबदल करणाऱ्यांची साखळी बनते. एकाची विक्री दुसऱ्याची खरेदी, दुसऱ्याची विक्री तिसऱ्याची खरेदी, असे अनेक दुवे असतात. करारांची देवघेव होईपर्यंत कोणीही बांधलेला नसतो. देवघेव झाली की बहुधा दहा टक्के अनामत देऊन सारेच बांधले जातात आणि एका ठरलेल्या दिवशी सर्व ताबे बदलतात. ह्या रीतीत तारखा जुळतात, परंतु देवघेवीपूर्वी एक दुवा निखळला तर सारी साखळी कोसळते. अमेरिकेत खरेदीदार आपल्या घराच्या विक्रीची अट करारात घालू शकतो, आणि विक्रेता त्या बदल्यात अधिक चांगला खरेदीदार आल्यास सूचना देऊन मोकळे होण्याचा हक्क राखतो. अशी अट भारतात परकी नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ ची कलमे ३१ ते ३६ घटनासापेक्ष करारांविषयीच आहेत. ठराविक मुदतीत जुने घर विकले गेले तरच खरेदी, अन्यथा ठरलेली वजावट करून इसार परत, असा करार पूर्णपणे वैध ठरतो.

अर्थशास्त्रज्ञांनीही ह्या विषयाचा अभ्यास केला आहे. विल्यम व्हीटन याने १९९० मध्ये दाखविले की, घर बदलणारी कुटुंबे काही काळ दोन घरे धारण करतात आणि रिकाम्या घरांची संख्या व किंमत ह्यांचा संबंध त्यातून उलगडतो. मोएन, नेनोव व स्निकर्स ह्यांच्या २०२१ च्या निबंधात आधी घ्यावे की आधी विकावे हाच प्रश्न मांडला आहे. बाजारात खरेदीदार अधिक असतील तेव्हा घर विकणे सोपे व मिळणे कठीण. म्हणून कुटुंबे आधी खरेदी करतात आणि खरेदीदारांची गर्दी आणखी वाढवितात. विक्रेते अधिक असतील तेव्हा उलट घडते. प्रत्येकाने स्वतःपुरता शहाणपणाने केलेला निर्णय बाजाराची चढउतार तीव्र करतो. जून व दसरा अशा दोन हंगामांत घरबदल गोळा होणाऱ्या शहरात हे तत्त्व कितपत लागू पडते, हा पदव्युत्तर संशोधनास योग्य विषय होय. दुय्यम निबंधक कार्यालयांतील साठेखत व खरेदीखत ह्यांच्या तारखांमधील अंतर हे त्यासाठी उपलब्ध साधन आहे.

८. सारांश

एकाच कुटुंबाची विक्री व खरेदी ह्यांची सांगड घालणे म्हणजे मधल्या काळाची जबाबदारी उघडपणे वाटून देणे. त्यासाठी पाच गोष्टी करारात असाव्यात. विक्रीची अखेरची तारीख खरेदीच्या अखेरच्या तारखेपूर्वी, रक्कम जमा होण्यास पुरेल इतक्या अंतराने, ठेवावी. दिला जाणारा इसार मिळणाऱ्या इसाराहून अधिक असल्यास फरकाची तजवीज आधी करावी. मुदत प्राणभूत आहे की नाही आणि इसार जप्त होणार की परत मिळणार, हे स्पष्ट शब्दांत लिहावे. मालकी व ताबा ह्यांच्या तारखा गरजेप्रमाणे वेगळ्या करून त्यांमधील अवधी नोंदलेल्या कराराने बांधावा. गहाण दस्त, सहहिस्सेदारांच्या संमती व गुंठेवारीची कागदपत्रे इसार घेण्यापूर्वी पाहावीत, नंतर नव्हे.

पूर्वी हा मधला काळ नातलगांच्या ओसरीवर व ओळखीच्या शब्दावर निघत असे. आजच्या शहरात तो शब्द कागदावर उतरविल्यावाचून टिकत नाही. घराची किंमत दोघे मिळून ठरवितात. तारीख मात्र चौघांची असते, आणि ज्या कुटुंबाचे सर्वस्व त्या दोन तारखांच्या मध्ये अडकलेले आहे, त्याने प्रथम तारीख व मग किंमत ठरवावी, हेच युक्त होय.